सत्तावीस डबे

एक जंत एका वेळी दोन पोटांत राहू शकत नाही. हे कळायला प्रयोगशाळेची पदविका लागत नाही. पण खैरबोडीतल्या सत्तावीस पोरांच्या पोटांत तेच ते जंत राहत आहेत, असं आमचा भाट सांगत होता. भाट हे यंत्र आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे खोटं बोलणारं कुणीतरी माणूस होतं.

मला आधी बरंच वाटलं, खरं सांगते. संशय घ्यायला जागा मिळाली की माझ्या अंगात हुशारी येते. बावीस वर्षं मी आरोग्य केंद्रात लोकांची थुंकी, रक्त आणि विष्ठा तपासतेय. माणूस तोंडाने काय सांगतो आणि डब्यात काय देतो, यात किती अंतर असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. साखर सोडली म्हणून देवाची शपथ घेणाऱ्यांच्या लघवीत मी साखर पाहिलीय. नवरा म्हणतो, मंजू देवळातल्या तीर्थाचाही नमुना काढून ठेवील. म्हणू दे.

भाट हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक आहे आणि खोक्यावर छापलेलं आहे. पण ते आलं त्याच आठवड्यात आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्याचं बारसं करून टाकलं. पूर्वी भाट दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे, तसं हे जंतांची वंशावळ म्हणतं. आधी आम्ही वाटाण्याएवढा नमुना काचेवर पसरायचो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजायचो. अंडी दिसली की पोर बाधित, नाही दिसली की निरोगी. शंभरात किती पोरं बाधित, तो त्या वस्तीचा आकडा. पण अंडं अंड्यासारखंच दिसतं, ते कोणत्या मादीचं हे डोळ्यांना कळत नाही. भाटाला कळतं. तो अंड्यातली जनुकं वाचतो आणि कोणती अंडी एका आईची, कोणत्या आया एकमेकींच्या बहिणी, हे जुळवून सांगतो. त्यावरून रोग कोणत्या बांधावरून, कोणत्या नळावरून पसरतोय याचा माग लागतो. डब्यात माणसाच्याही पेशी असतात, पण त्या वाचायला कायद्याने बंदी आहे. भाट त्या आधीच नष्ट करतो. कुणाच्या घरातलं काय बाहेर येईल, सांगता येत नाही ना!

खैरबोडी ही तलावाकाठची ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती. वर्षातले कितीतरी दिवस तिथल्या बायामाणसांचे पाय शिंगाड्याच्या चिखलात असतात. अंकुशकृमीच्या अळ्यांना असाच ओला काठ लागतो. अनवाणी तळव्याच्या कातडीतून त्या आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि वर्षानुवर्षं रक्त पीत बसतात. म्हणून तर सरकारने तिथे योजना दिली होती. गाळलेल्या पाण्याची टाकी, पोरांना चपला, रोज एक अंडं, आठवड्याला नर्स आणि जंताच्या गोळ्या. नियम एकच. मुलांमधलं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की वस्ती यादीतून बाद.

एवढं सगळं देऊन तीन वर्षं झाली, तरी आकडा जागचा हलत नव्हता. आधी बासष्ट टक्के, मग चौसष्ट, यंदा त्रेसष्ट. त्रेचाळीस मुलांपैकी सत्तावीस बाधित. आणि यंदाच आलेला भाट म्हणत होता की सत्तावीस डब्यांत मिळून जंतांच्या ऐंशी-पंच्याऐंशी माद्या आहेत, आणि प्रत्येक डब्यात त्याच आहेत. म्हणजे एकाच पोटातला माल सत्तावीस डब्यांत वाटला होता.

मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. ते कुठल्यातरी बैठकीत होते.

"बाई, यंत्र नवीन आहे, होतं असं," ते म्हणाले. "तुम्ही पाहून घ्या आणि शेरा लिहून सही करा. तीन दिवसांत अहवाल वर गेला पाहिजे."

पाहून घ्या म्हटल्यावर मी थोडीच सोडणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खैरबोडीच्या शाळेत होते. रक्त कमी आहे का ते बघायची जुनी रीत म्हणजे डोळ्याची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायचा. मी एकेका पोराला समोर उभं केलं. त्रेसष्ट टक्के बाधित वस्तीतल्या पोरांच्या पापण्या आतून छान लाल होत्या. सगळ्यांच्या पायांत चपला होत्या आणि एका पोरीने तर मला पंजा लढवायचं आव्हान दिलं. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. गुरुजींवर संशय घेऊन झाला, अंडी उकडणाऱ्या बाईवर घेऊन झाला, आमच्या ड्रायव्हरवरही घेतला. पण डब्यांवरची नावं सगळी एकाच हातची होती आणि ते अक्षर मी लहानपणी हात धरून गिरवून घेतलं होतं.

रोशनी माझी धाकटी बहीण. खैरबोडीची आशा कार्यकर्ती. तिचा अर्जही मीच भरला होता.

तिच्या घरी गेले तेव्हा ती चुलीवर शिंगाडे उकडत होती. गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं ते भुकटं आमच्याकडे निम्मा जिल्हा खातो, आणि तिचं ते व्यसन सोडवण्यात माझी दहा वर्षं गेली आहेत.

"थुक आधी," मी म्हटलं.

"थुकतो ना बाप्पा. आल्या आल्या झाली का सुरू?" ती उठली, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबली आणि मग बाहेर जाऊन थुंकून आली. तोंड उतरलेलं आणि पिवळट दिसत होतं. मी मनात म्हटलं, खा अजून खर्रा.

"डबे तूच वाटते ना?"

"मीच."

"अन् जमा?"

"तेबी मीच. काहून?"

"सत्तावीस डब्यांत एकाच पोटातलं आलं आहे."

ती शिंगाडे ढवळत राहिली. "तुयं यंत्र बिघडलं असंन."

"यंत्र नाई बिघडलं."

"तं मंग तूच बिघडली, ताई. लहानपणापासून तुले सारी दुनियाच चोर दिसते."

तेवढ्यात इशिका आली. तिची मुलगी, माझी भाची, नऊ वर्षांची. "मोठाई!" म्हणून गळ्यात पडली. अंगाने आधीपासूनच काडी. सवयीने मी तिचीही पापणी ओढली. शाळेतल्या पोरांपेक्षा तिची पापणी फिकट होती. फार नाही, पण होती. रोशनीने झटक्यात तिला माझ्यापासून ओढून घेतलं.

"पोरीले नको हात लावू. ती का तुया तपासणीची वस्तू आहे?"

दुसऱ्या बाईच्या लेकराला जंत ठेव म्हणायची रोशनीची छाती नव्हती. मग उरलं कोण? घरचंच लेकरू. पोरीला गोळी द्यायची नाही, तिच्या पोटात जंत पाळायचे आणि तिच्या एका डब्याचे सत्तावीस डबे करायचे. वस्तीचं भलं करायला निघालेली माणसं आपल्याच घरात किती निर्दय होऊ शकतात, हे मी पाहिलेलं आहे. पण माझी बहीण असं करील, हा विचारसुद्धा मला सोसवेना, आणि डोक्यातून जाईना.

इशिका मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "मोठाई, तुमच्या डब्याचं मले माहीत आहे. आमच्या घरचा डबा आईच भरते. मले कधी मांगतच नाई."

मी तिथेच उभी राहिले. पर्समधून एक कोरा डबा काढून तिला दिला. "हा तू भर. उद्या शाळेत मले दे. आन् आईले सांगू नको."

"गुपित का?"

"गुपित."

दुसऱ्या दिवशी तिने तो डबा चित्रकलेच्या कागदात गुंडाळून, वर रबर लावून, साऱ्या वर्गासमोर माझ्या हातात दिला. "मोठाईसाठी गिफ्ट," म्हणाली. गुरुजींनी कौतुकाने मान डोलावली.

भाटावर तो नमुना लावता येत नव्हता, कारण प्रत्येक डब्याची नोंद थेट वर जाते. मी कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना सूक्ष्मदर्शक उतरवला. चार वर्षांची धूळ होती, कारण भाट येईपर्यंत मधली वर्षं नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जायचे. काच तयार केली आणि एका टोकापासून पाहत गेले. एक अंडं नाही. दुसरी काच केली, तिसरी केली. इशिकाचं पोट स्वच्छ होतं. पोरगी नुसतीच किडकिडीत होती, आमच्या आईसारखी.

मी खुर्चीत मागे टेकले आणि मला हसू आलं. एका मिनिटाने ते मावळलं, कारण जंत कुणाच्या तरी पोटात होतेच.

मग फ्रीजमधला सत्तावीसपैकी एक डबा काढला आणि त्याची काच केली. तो डबा सहा वर्षांच्या एका पोराच्या नावाचा होता. अंडी भरपूर. आणि अंड्यांच्या मध्ये मध्ये तपकिरी, आखूड, टोकदार धागे. मी ते लगेच ओळखले. आमच्या जिल्ह्यात बावीस वर्षं विष्ठा तपासणाऱ्या बाईला ते धागे न ओळखून चालत नाही. सुपारी पोटात पुरती पचत नाही. दुसरा डबा काढला, त्यातही सुपारी. दहावा काढला, त्यातही. आमच्याकडे मोठी पोरं चोरून खर्रा खातात हे मान्य, पण बालवाडीतलं पोर नाही खात. भाटाला यातलं काही दिसलं नव्हतं. त्याला जंतांची सात पिढ्यांची नावं माहीत, पण समोर पडलेली सुपारी कळत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डबा पोराच्या नावाचा म्हणून मी पोरंच शोधत बसले होते. रोशनीचं पिवळट तोंड, उठताना धरलेली चौकट, सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी ते खर्‍र्‍याच्या खाती मांडून मोकळी झाले होते.

रोशनी तलावाच्या काठावर होती, गुडघाभर चिखलात, अनवाणी. मी तिचा हात धरून तिला वर ओढलं, बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मोजणीच्या पट्टीवर घेतला. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा तरी असावं. पट्टीवर आकडा आला पाच पूर्णांक चार.

"किती वर्सं?" मी विचारलं.

तिने हात सोडवून घेतला नाही. "तीन."

"तीन वर्सं जंत पाळून राह्यली तू? स्वतःच्या पोटात?"

"मंग कोणाच्या पोटात पाळू? दुसरीच्या लेकराले ठेवू का मायाच पोरीले?" ती बांधावर बसली, धापा टाकत होती. "पोरांले गोळ्या मीच खाऊ घालतो, समोर उभं राहून. एकाबी पोराच्या पोटात काही नाई. तू पाह्यलं ना?"

"मंग ही नाटकं काहून?"

"तुले खरंच नाई समजत?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "पाच वर्साआधी तूच मोजलं होतं ना? चार टक्के लिहिलं. खरं लिहिलं, मी नाई म्हणत नाई. तुले सर्टिफिकेट भेटलं. आमची टाकी गेली, नर्स गेली, चपला फाटल्या. दोन वर्सांत पोरं होती तशी झाली. पियू गेली तेव्हा तिच्यात रक्त किती होतं, माहीत आहे?"

पियू तिच्या जावेची मुलगी. चार वर्षांची. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. तिच्या तेरवीला मी इथेच बसून पोळ्या लाटल्या होत्या. घरी जाऊन, भिंतीवर लावलेल्या त्या प्रमाणपत्राखाली बसून, चहा प्यायले होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. जगावर संशय घेतला, पण स्वतःच्या आकड्यावर घेतला नव्हता.

"पियूच्या मांगून योजना वापस आली," रोशनी म्हणाली. "मी ठरवलं, आता आकडा खाली जाऊ द्याचा नाई."

मी पर्समधून गोळी काढली. "खा."

"आधी सही कर."

"रोशनी, पाच पॉइंट चार आहे! उद्या चालता चालता पडशीन. इशिकाले कोण पाहीन?"

"सही कर, मंग खाईन. तुले जे लिहाचं ते लिही. पण खैरबोडी यादीतून काढली तं मी गोळी खाणार नाई. आईची शपथ."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी परत आले, कारण ती बोलते तसं करते हे मला ठाऊक होतं. लहानपणी मासे धरायला नेलं नाही म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती.

शेवटचा दिवस होता. पडद्यावर अहवाल उघडा होता. त्रेसष्ट टक्के हा आकडा भाटानेच भरला होता, त्याला मला हात लावायचा नव्हता. खाली एक चौकट रिकामी होती, वंशावळीवर तंत्रज्ञाचा शेरा. तिथे खरं लिहिलं तर रोशनीची नोकरी जाणार, योजना जाणार आणि तिची शपथ राहणार. खोटं लिहिलं तर ती गोळी खाईल, पण पुढच्या वर्षी डबे भरायला पुन्हा तलावात उतरेल. यंदा वाचवून पुढच्या साली मारायची, असा तो हिशेब होता. बावीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि आता खोटं लिहूनही भागत नव्हतं.

डोकं जड झालं म्हणून पाणी प्यायला उठले. फ्रीज उघडला. पाण्याची बाटली डब्यांच्या मागे ठेवलेली होती. डबे हलवताना माझा हात तसाच थांबला.

प्रत्येक डब्यातून भाटाला लागलं होतं ते तांदळाच्या दाण्याएवढं. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. सूक्ष्मदर्शकाला ताजा नमुना लागतो, कारण अंकुशकृमीचं अंडं बाहेर एका दिवसात, फ्रीजमध्ये आठवड्याभरात बिघडतं आणि ओळखू येईनासं होतं. पण भाट अंडं बघतच नाही. तो जनुकं वाचतो, आणि जनुकांना मेलेलं अंडंही चालतं. गोठवून ठेवलं तर दहा वर्षं चालतं. जिवंत पोट कुणालाच नको होतं.

मी शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, "वंशावळीसाठी नमुना अपुरा." सही केली. माझ्या नोकरीतलं ते पहिलं खोटं होतं आणि ते इतकं सहज लिहिलं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. मग सत्तावीस डब्यांतला उरलेला माल नव्या डब्यांत वाटला, लसींच्या मागे, डीप फ्रीजरच्या तळाशी रचून ठेवला आणि बहिणीला फोन लावला.

"सही केली. आन् पुढच्या चार-पाच सालचे डबे भरून ठेवले. गोठवलेलं चालते त्या यंत्राले, शेरा मी लिहीन. आता तुया पोटाची गरज नाई."

मग ती म्हणाली, "हे मले काहून नाई सुचलं?"

"तू चोर नवीन आहे."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

केलं ते बरोबर की चूक, हे मला विचारू नका. राज्याच्या तक्त्यात खैरबोडीपुढे त्रेसष्ट लिहिलेलं आहे आणि ते खोटं आहे. खैरबोडीतली पोरं चपला घालून गाळलेलं पाणी पितात, हे खरं आहे. भिंतीवरचं प्रमाणपत्र मी काढलं. तिथे आता भिंतीचा जुना रंग दिसतो. कामावर दुसऱ्या वस्त्यांचे आकडे येतात तेव्हा त्यात कोण खोटं बोलतंय हे मी अजूनही शोधते. पण हल्ली कुणाचं तोंड पिवळं दिसतंय का, ते आधी विचारते.

रोशनीने पहिली गोळी माझ्यासमोर खाल्ली. मी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. तरी माझा विश्वास बसला नाही. पुढच्या गोळ्या, लोहाचं औषध, सगळं मी स्वतः नेऊन दिलं. खर्रा सोडला म्हणाली, त्यावर तर मुळीच बसला नाही. शेवटी महिन्याभराने तिच्या पुढ्यात कोरा डबा ठेवला.

"आता हे काहून?"

"तपासाले."

"सख्ख्या बहिणीवर विश्वास नाई?"

"नाई."

दोन दिवसांनी ती स्वतः आरोग्य केंद्रात आली. एस.टी. थांब्यापासून चालत आली होती, आणि दाराशी चौकट न धरता आत आली. डबा टेबलावर ठेवला, पेन उचललं आणि विचारलं, "नाव कोणाचं टाकू?"

"तुयं."

तिने लिहिलं. त्याच गोल अक्षरात, रोशनी. तिचा माल आणि तिचंच नाव असलेला तो तीन वर्षांतला पहिला डबा होता.

मी काच केली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एक ओळ न सोडता. दुसरी काच केली, तिसरी केली. ती बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. काचेवर एकही अंडं नव्हतं. सुपारीचा एक धागाही नव्हता.

"भेटलं का काही?" तिने विचारलं.

डोळे भरले होते आणि काच दिसेनाशी झाली होती. तरी मी डोळा तिथून हलवला नाही.